वर्ष राजाचे, पाणी गृहस्थाचे

मुरबाड सोडून वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढायला लागले की माथ्याच्या जवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात. त्यांतल्या एका टाक्यासाठी कोरलेला छोटा ब्राह्मी लेख सांगतो की वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी राजाच्या तेराव्या वर्षी कामवन गावच्या एका गृहपतीने हे टाके दान दिले. दुसऱ्या एका लेखात दाता म्हणून सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. इथेच, चार पावलांवर, सातवाहनांचे प्रसिद्ध लेणे आहे. सिमुक, नागनिका, सातकर्णी यांचे पुतळे एकेकाळी तिथे भिंतीला लागून उभे होते; आज पावले आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा लांबलचक लेख आहे. त्यात यज्ञांची जंत्री आहे, दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे आहेत. पण त्याच्या उरलेल्या मजकुरात घाट फोडल्याचा, पायऱ्या बांधल्याचा किंवा वाटसरूंसाठी पाणी केल्याचा एक शब्दही नाही. जकातीचाही नाही. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो, तो लोकांच्या सांगण्यावरून. राणीच्या लेखाचा त्याला आधार नाही.

‘नाणेघाट सातवाहनांनी बांधला’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य नाही असे नाही. राजघराण्याने आपले पुतळे इतक्या अडनिड्या जागी उभे केले, ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरावेत म्हणूनच. पण मोठी साम्राज्ये रस्ते, विहिरी, धर्मशाळा बांधतात आणि मग त्या वाटेने व्यापार वाहू लागतो, हा जो सर्वसाधारण समज आहे, तो उत्तर कोकणातल्या पुराव्यांशी नीट जुळत नाही. इथले शिलालेख वाचले की उलटेच चित्र दिसते. पाणी, निवारा, वाट आणि भांडवल यांचा मोठा भाग सोनार, लोहार, जवाहिरे, गृहपती यांनी पुरवला. सत्तेचा हात दिसतो तो दुसरीकडे: माल कोणत्या बंदरात उतरेल, कोणत्या नाण्यात सौदा होईल आणि वाट अखेर कुठे संपेल, हे ठरवण्यात. आणि हे काम दगड फोडण्याइतकेच, कधी कधी त्याहूनही अधिक परिणामकारक ठरले.

साम्राज्याने स्वतः टाकी खोदली तर ती कशी दिसतात, हे समुद्राच्या पलीकडे पाहायला मिळते. रोमन जहाजे इजिप्तच्या लाल समुद्राकाठच्या बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांतून हिंदुस्थानकडे निघत. या बंदरांपर्यंत नाईलकाठच्या कोप्तोसहून वाळवंट तुडवत यावे लागे. रोमन लेखक प्लिनीने कोप्तोस ते बेरेनिके हा बारा दिवसांचा प्रवास सांगितला आहे. मुक्काम पाण्याच्या ठिकाणांवरून ठरत आणि उन्हामुळे बरीचशी चाल रात्रीची असे. ती पाण्याची ठिकाणे कुणी केली? कोप्तोसला सापडलेल्या, रोमन अमलाच्या सुरुवातीच्या काळातल्या लॅटिन लेखात टाकी बांधणाऱ्या सैनिकांची यादीच दिली आहे. म्हणजे एकाच व्यापाराच्या पश्चिम टोकाला पाणी लष्कराने पुरवले, पूर्व टोकाला दानधर्माने. तिकडच्या लेखात सैनिकांच्या तुकड्या, इकडच्या लेखात ‘अमक्याची पोढी, देयधर्म’. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. या एका शब्दाभोवती जुन्नर, नाणेघाट आणि कान्हेरीचे कितीतरी लेख फिरतात. नाणेघाटाच्या वर गेल्यावर लागणाऱ्या जुन्नरला तर इरिल नावाच्या यवनानेही दोन पोढ्या दिल्या आहेत.

पाण्याला एवढे महत्त्व का, हे सह्याद्रीचे पंचांग माहीत असलेल्या माणसाला सांगायला नको. चार महिने पाऊस असा की घाटाच्या वाटा बंद, आणि उरलेले आठ महिने कातळ कोरडा. समुद्राचे वेळापत्रकही याच पावसाने बांधलेले होते. इजिप्तहून जहाजे जुलैच्या सुमारास सुटत, नैर्ऋत्य वाऱ्यावर येत आणि पावसाचा जोर ओसरता ओसरता आपल्या किनाऱ्याला लागत. परतीसाठी, प्लिनी म्हणतो त्याप्रमाणे, डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत निघावे लागे. तेव्हा देशावरचा माल खाली बंदरात यायचा तो दसऱ्यानंतरच्या तीन-साडेतीन महिन्यांत. बैलांचे तांडेच्या तांडे त्याच दिवसांत घाट उतरणार आणि जहाजांचा माल घेऊन पुन्हा चढणार. अशा वेळी माथ्यावर भरलेले टाके असणे म्हणजे एक मुक्काम वाचणे. पावसाचे पाणी कातळात साठवायचे, त्यावर ऊन लागू द्यायचे नाही आणि गाळ खाली बसू द्यायचा, एवढीच ती विद्या. पण तिच्यावाचून बाकी सगळे अडते.

आता सत्तेकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे प्रवासपुस्तक आपल्या किनाऱ्याविषयी फार नेमके बोलते. बारिगाझा म्हणजे भडोचच्या दक्षिणेला सुप्पारा आणि कल्लिएना, म्हणजे सोपारा आणि कल्याण, ही बंदरे तो सांगतो. थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण हे कायदेशीर व्यापारपेठ झाले होते. पण संदानेसच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार फार अडवला जातो, आणि चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो लिहितो. हा संदानेस सातवाहन की शकांचा कुणी माणूस, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण मुद्दा त्याच्या नावावर अडत नाही. कल्याणच्या खाडीत पाणी तेवढेच होते, घाट जिथल्या तिथे होता, टाकी पावसाने भरतच होती. तरी परदेशी गलबत तिथे माल उतरवू शकत नव्हते. वसईच्या खाडीतून, आजच्या घोडबंदरच्या पुढे, उल्हासच्या पाण्याने कल्याणला जाणारी वाट एका हुकुमाने बंद झाली होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पेरिप्लस म्हणतो की पैठणचा गोमेद आणि तगर म्हणजे तेरचे कापड गाड्यांत भरून भडोचला जाते. नाणेघाटातून गाडी जात नाही. तिथे ओझे बैलाच्या पाठीवरच. मग गाडीवाल्यांनी आपणहून भडोचची वाट धरली असेल, त्यात राजाचा काय संबंध? भूगोलाचा हा भाग मान्य करायलाच हवा. पण तोच ग्रंथकार पुढे सांगतो की या गाड्या मोठमोठ्या, रस्ते नसलेल्या मुलखातून येतात. म्हणजे भडोचच्या वाटेवरही बांधलेली सडक नव्हती. अंतर पाहावे तर नकाशावर सरळ रेषेत पैठण ते कल्याण सुमारे २३५ किलोमीटर भरते आणि पैठण ते भडोच ३५०. शिवाय भडोच हे बंदर म्हणून कल्याणहून सोपे नव्हते, उलट अवघड होते. नर्मदेच्या मुखातली भरती, अंगावर धावून येणारी पाण्याची भिंत, वाळूवर रुतणारी जहाजे यांचे त्या पुस्तकातले वर्णन वाचले की कोणता शहाणा तांडेल तिथे जाईल असा प्रश्न पडतो. तो जाई, कारण राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत आणि जहाज ओढून, भरतीच्या वेळा सांभाळत आत नेत. अवघड बंदर सोपे करण्यासाठी सत्तेने माणसे नेमली आणि सोयीचे बंदर बंद ठेवण्यासाठी पहारा. भूगोल दोन पिढ्यांत बदलत नाही. कल्याण आधी चालत होते आणि मग चालेनासे झाले, याचे कारण घाटाच्या चढात शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो नाशिकच्या पांडवलेण्यांतच कोरलेला आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी दहाव्या लेण्यात दिली आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा, तळी, विहिरी केल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर फुकट तरी चालवल्या आणि त्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. ही तर सरळसरळ राज्यकर्त्यांनी केलेली सोय! खरे आहे, आणि पहिल्या शतकाच्या आसपासचा याहून चांगला दाखला महाराष्ट्रात नाही. पण या नद्यांची नावे नकाशावर मांडून पाहावीत. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, दमण म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार, इबा म्हणजे अंबिका आणि मग तापी. अभ्यासकांनी बसवलेल्या या ओळखी धरल्या तर सोपाऱ्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालेल्या माणसाला ज्या नद्या आडव्या येतात, त्याच एकामागून एक पुढे येतात. त्या वाटेचे दुसरे टोक भडोच. कल्याणवरून घाटाकडे जाणाऱ्या वाटेसाठी या यादीत काहीही नाही. समुद्रावर पहारा, जमिनीवर फुकट तर. दोन्हींचे तोंड एकाच बंदराकडे. पुण्य मिळवण्याची इच्छा खोटी होती असे मला म्हणायचे नाही. पण राजघराण्यातल्या माणसाचे पुण्यही राज्याच्या सोयीच्या दिशेने वाहते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

ही दिशा पुढे उलटली, तेव्हाही आधी बदलले ते नाणे. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे खालून डोकावतात आणि वर सातवाहनांची चिन्हे. गौतमीपुत्राने चांदी वितळवून नवी नाणी पाडण्यात वेळ घालवला नाही. बाजारात फिरते नाणे तसेच ठेवले, मालक बदलल्याची खूण केली आणि व्यवहार चालू राहू दिला. दानाचेही तसेच. आपल्या अठराव्या वर्षी त्याने नाशिकच्या भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिले, आणि हे शेत पूर्वी उषवदाताकडे होते असे त्या आज्ञेत स्पष्ट म्हटले आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमचे ठेवले होते: दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, एक हजारावर पाऊण. राज्ये पडली तरी अशा ठेवी बुडू नयेत म्हणूनच त्या खजिन्यात न ठेवता कोष्ट्यांच्या श्रेण्यांकडे दिल्या जात असाव्यात. हा व्याजाचा दर कोरणाऱ्या माणसाचा स्वतःच्या सासऱ्याच्या सिंहासनापेक्षा विणकरांवर भरवसा अधिक होता, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी, म्हणजे लेखांतला कृष्णगिरी, ही या साऱ्या व्यवहाराची साष्टी बेटावरची वही आहे. शंभरावर लेणी, आणि त्यांत कल्याण, सोपारा, नाशिक, चेमूल म्हणजे चौल इथल्या माणसांची नावे. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या राज्यकाळातले. पण ते करवणारे गजसेन आणि गजमित्र हे दोघे व्यापारी भाऊ. सोपाऱ्याचा नागपालित हा मणिकार, म्हणजे जवाहिऱ्या. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने तर चक्क वाट दिली आहे. लेण्यांमधली ती पायवाट कोरवून घेण्याचा खर्च त्याचा. राजघराण्याचा मोठा संबंध येतो तोही पोढीच्याच निमित्ताने. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रप रु… याची मुलगी होती. पुढची अक्षरे गेली आहेत, पण बहुतेक अभ्यासक ते रुद्रदामनचे नाव मानतात. तिच्या संदर्भात अमात्य सतेरकाने दिलेले टाके इथे आहे. दोन राज्यांमधली सोयरीक आपल्याला कळते ती पाण्याच्या दानावरून. ही टाकी आजही पाहावीत अशी आहेत: विहाराच्या ओसरीच्या बाजूला कातळात लहान चौकोनी तोंड, आत रुंदावत गेलेली पोकळी, आणि वरच्या उतारावर पावसाचे पाणी गोळा करून आणणाऱ्या पन्हळी, एका लेण्याचे पाणी ओसंडले की खालच्या लेण्याकडे वळवणाऱ्या. खर्चाची तरतूदही आसपासच्या जमिनीतून होई. एका लेखात मंगलठाण गावचे शेत लेण्याला दिल्याचे आहे; ते गाव म्हणजे मागाठाणे, जिथे आता मेट्रोचे स्थानक आहे.

इथे जपून बोलायला हवे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी लेण्यांचा आणि व्यापारी मार्गांचा संबंध ठामपणे मांडल्यापासून प्रत्येक लेणे म्हणजे तांड्यांचा मुक्काम, असे सरसकट म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. जुन्नर, कार्ले इथे ते पटते. घाटाची तोंडे तिथून जवळ. पण कान्हेरी किंवा अंधेरीची महाकाली, म्हणजे कोंडिविटे, ही लेणी बेटाच्या पोटात आहेत. सोपारा-कल्याण जलमार्ग बेटाच्या उत्तरेने जातो; आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला ठाण्याची खाडी आहे. लमाणांचे बैल कान्हेरीच्या डोंगरात पाणी प्यायला चढत नव्हते. ते पाणी भिक्षूंसाठी होते. मग व्यापाऱ्याला कान्हेरीचा उपयोग काय? मला वाटते, उपयोग हाच की ती जागा कुठल्याच एका बंदराची नव्हती. कल्याणचा लोहार, सोपाऱ्याचा जवाहिऱ्या आणि चौलचा सावकार यांची नावे शेजारी शेजारी कोरली जात होती, ठेवी कायमच्या ठेवल्या जात होत्या, आणि कुणी किती दिले हे सगळ्यांना वाचता येत होते. कल्याण बंद आणि सोपारा चालू, अशा दिवसांत कल्याणकर व्यापाऱ्याला सोपाऱ्यात पत लागणार. ती पत कोरलेल्या दानाने मिळत असेल तर नवल नाही. हा पुराव्यावरून काढलेला तर्क आहे, पुरावा नव्हे. पण दाते इतक्या ठिकाणचे का, याचा उलगडा ‘भिक्षूंना एकांत हवा होता’ एवढ्याने होत नाही.

मौर्यांचे काय, असे कुणी विचारेल. अशोकाने तर आठ-आठ कोसांवर विहिरी आणि विश्रामगृहे केल्याचे स्तंभलेखात स्वतःच लिहून ठेवले आहे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्याच सुमारास तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये. म्हणजे मौर्यांना सोपारा महत्त्वाचा वाटत होता हे निश्चित. पण राजा आपला आदेश माणसांची गर्दी असते तिथे लावतो. सोपाऱ्यातला आदेश तिथे आधीच गर्दी होती हे सांगतो. ती गर्दी मौर्यांनी बांधलेल्या रस्त्याने आली हे सांगत नाही. कोकणात मौर्यांची म्हणून दाखवता येईल अशी सडक नाही. गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन तलाव मात्र होता, चंद्रगुप्ताच्या काळी बांधलेला. तो फुटल्यावर भगदाड फार मोठे म्हणून रुद्रदामनच्या अमात्यांनीही हात वर केले होते, असे इसवी सन १५०च्या सुमारासचा जुनागढचा लेख सांगतो. सरकारी बांधकामाची हीच अडचण. दुरुस्तीच्या वेळी राजा खमका नसेल तर ते तसेच पडते.

दात्यांनी केलेल्या गोष्टी मात्र राजांपेक्षा जास्त टिकल्या. रोमशी होणारा व्यापार आटला, सातवाहन गेले. तरी त्रैकूटकांच्या २४५व्या वर्षी, म्हणजे इसवी सन ४९४ च्या सुमारास, सिंधचा बुद्धरुची कान्हेरीत चैत्य उभारतो. सहाव्या शतकात कोस्मास हा ग्रीकभाषक लेखक कल्याणला मोठे बंदर म्हणतो. राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक शिलाहार कोकणावर राज्य करत असताना शके ७६५, ७७५ आणि ७९९ मध्ये पुन्हा दाने पडतात, त्यांत गौड म्हणजे बंगालचा एक दाता शंभर द्रम्म ठेवतो. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये तर पारशी मंडळींनी पहलवीत आपली नावे तिथे कोरली. तेवढ्या काळात बंदर उघडणारे-बंद करणारे कितीतरी राजे होऊन गेले होते. पण दानाच्या व्यवस्थेला मर्यादाही होत्या, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. टाके, वाट, विहार, तर, एवढ्यापर्यंत तिची झेप. खाडीवर पूल किंवा बांध तिने त्या काळात कधी घातला नाही, आणि साष्टी बेटच राहिली.

साष्टीतल्या वांद्र्याला मुंबईशी जोडणारा माहीमचा बांध झाला तो पार १८४५ साली, आणि तोही दानातूनच. ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार त्यासाठी पैसे द्यायला तयार नव्हते. जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. त्यांची अट एकच होती: या रस्त्यावर सरकारने टोल घेऊ नये.